फुटबॉलचा हंगाम आणि भरतीची जाहिरात

पत्र, थोडक्यात: मी 20 वर्षांची, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून फुटबॉल खेळते, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेची बचावपटू. दोनदा राज्याच्या सिनिअर संघातून नॅशनल खेळले. आता बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबने सहा महिन्यांसाठी बोलावलंय. क्लब महिला लीगच्या दुसऱ्या श्रेणीत आहे. महिना 20 हजार, राहणं-जेवण त्यांचं. पंधरा दिवसांत कळवायचंय. बाबा साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत, ते काहीच बोलत नाहीत. आई म्हणते, पोलीस भरतीचा अभ्यास कर, नोकरी लागली की लग्नाचं बघू. परक्या मुलखात पोरीला एकटी कशी धाडायची? काका पेठेच्या संघाचा एक सामना चुकवत नाहीत, पण मला म्हणतात, ‘पोरींच्या फुटबॉलात पैसा नाही, खेळाडू कोट्यातून नोकरी पकड आणि मोकळी हो.’ सर म्हणतात, पैशाकडे बघू नको, ही संधी परत येणार नाही. हल्ली गुडघा दुखतो, कधी कधी अडकतो. पट्टी बांधून खेळते, घरी सांगितलेलं नाही. मला भारताकडून खेळायचंय. ताई, खेळ निवडू की नोकरी?

प्रिय मैत्रिणी,

तू विचारलंस खेळ की नोकरी. त्याचं उत्तर मी देणारच आहे, पण आधी गुडघ्याबद्दल बोलू दे. तो बरा नसेल तर बाकीचं सगळं बोलणं वाया आहे.

गुडघा दुखणं वेगळं आणि अडकणं वेगळं. वाकवलेला पाय सरळ करताना मध्येच कुलूप लागल्यासारखा थांबत असेल, तर आतल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, चीर गेलेली असू शकते. असेलच असं नाही. ते डॉक्टर हात लावून बघतील, गरज वाटली तर एमआरआय सांगतील. पट्टीने दुखणं दबतं, चीर भरत नाही. आणि तू लेफ्ट बॅक आहेस. समोरच्या संघाचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, आत कापतो तेव्हा तुला एका पायावर गर्रकन वळावं लागतं. तो पाय दुबळा असताना असं वळणं म्हणजे गुडघ्यातलं एक लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते तुटायला आमंत्रण. ही दुखापत मुलग्यांपेक्षा मुलींना जास्त होते, हे जगभरच्या फुटबॉलमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. ते तुटलं की शस्त्रक्रिया, आणि मैदानावर परत यायला नऊ महिने ते वर्ष. तुझा अख्खा करार सहा महिन्यांचा आहे.

म्हणून या आठवड्यात कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जा, किंवा खेळाडूंचे गुडघे बघायची सवय असलेल्या एखाद्या डॉक्टरांकडे. जाताना आईला बरोबर घे. तिच्यापासून लपवून तू करार केलास आणि तिसऱ्या सामन्यात परराज्यातल्या एखाद्या दवाखान्यातून तिला फोन गेला, तर नंतर फुटबॉलबद्दलचं तुझं एकही वाक्य ती ऐकून घेणार नाही. क्लबला लिही की उत्तर द्यायला आठ दिवस जास्त हवेत, गुडघा तपासून घेतेय. ज्या क्लबला हे खुपेल, तो क्लब तुझा गुडघा सांभाळणार नाही हे तुला तिथंच कळेल.

चीर निघालीच तर खेळ संपला असं समजू नकोस. मणिपूरची बाला देवी जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबकडे गेली. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. तिथं असतानाच तिचा गुडघा गेला. तरी 2024 च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेत, वयाच्या 34 व्या वर्षी, ती भारताची जर्सी घालून मैदानात होती. मधली वर्षं मात्र उपचारांत आणि व्यायामात गेली.

आता पैशाचं. काका म्हणतात यात पैसा नाही. सर म्हणतात, पैशाकडे बघू नको. मला वाटतं, पैशाकडे नीट बघायलाच हवं.

आपल्याकडची महिला लीग, आयडब्ल्यूएल म्हणजे इंडियन विमेन्स लीग, 2016-17 मध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षं सगळे संघ एका शहरात जमायचे आणि काही आठवड्यांत स्पर्धा आटपायची. 2023-24 पासून वरच्या श्रेणीत आपल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या अशा दोन्ही मैदानांवर सामने होऊ लागले. 2024-25 मध्ये ईस्ट बंगाल जिंकलं त्या हंगामात आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 14 सामने, जानेवारी ते एप्रिल. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचं हे वर्षभराचं काम. 2023 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की वरच्या श्रेणीतल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान 3.2 लाखांचा करार करावा. तू जातेयस ती त्याखालची श्रेणी. तुझे सहा महिन्यांचे होतात 1 लाख 20 हजार. पोलीस शिपायाचं मूळ वेतनच महिना 21,700 पासून सुरू होतं, वर भत्ते, आणि ते बाराही महिने. नुसत्या रकमा शेजारी मांडल्या तर काकांचंच खरं ठरतं.

पण तुझ्या बाबांकडे बघ. गाळपाची पहिली मोळी पडली की कामाला लागायचं, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. बंद हंगामात थोडा रिटेन्शन भत्ता आणि मिळेल ते दुसरं काम. अशा उत्पन्नावर त्यांनी घर चालवलं, तुला शिकवलं, तुझे स्टड आणले. तुझ्या घराला हंगाम हा शब्द नवा नाही. हा करारही हंगामच आहे, तोही बहुतेक त्याच थंडी-उन्हाळ्याच्या महिन्यांत येणारा. फरक इतकाच की फुटबॉलमध्ये रिटेन्शन नाही. ‘प्रोफेशनल’ म्हटलं की आपल्याला वर्षभर पगार, गाडी, जाहिराती आठवतात. भारतात महिला फुटबॉल आज तिथं नाही. आज ते हंगामी काम आहे, आणि हंगामी कामगाराला उरलेल्या महिन्यांचं गणित आधी मांडावं लागतं. बाबा गप्प आहेत ते विरोधात म्हणून, असं तू धरून चाललीयस. मला तसं वाटत नाही. कदाचित त्या घरात हा व्यवहार खरोखर समजलेले तेच एकटे असतील.

तुझ्या प्रश्नातला ‘की’ मला पटत नाही, आणि याला माझ्याकडे कारण आहे. जुलै 2025 मध्ये चिआंग माईत भारताने थायलंडला 2-1 असं हरवलं आणि आपण महिला आशिया चषकात पोहोचलो; पात्रता फेरी जिंकून तिथं जाण्याची ही आपली पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ही पश्चिम बंगालची मुलगी सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. बाला देवी मणिपूर पोलिसांत. तिच्याआधीची बेमबेम देवी, जिला 2020 मध्ये पद्मश्री मिळाली, तीही मणिपूर पोलिसांत. म्हणजे भारतात ज्या बायका सगळ्यात लांबवर खेळल्या त्यातल्या अनेकींच्या खेळाखाली नोकरीचा पाया होता. नोकरी लागली म्हणून त्यांचा खेळ सुटला नाही. काकांचं ‘नोकरी पकड आणि मोकळी हो’ यातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे, दुसरा नाही.

आता उलट बाजूने बघ. भरती आत्ताच का? पोलीस शिपाई पदाला खुल्या प्रवर्गात 28 वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, मागास प्रवर्गाला 33 पर्यंत. बारावी पुरते. तुझ्याकडे निदान आठ वर्षं आहेत. जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, म्हणून आईची घाई समजण्यासारखी आहे. पण मैदानी चाचणीचे 50 गुण असतात ते 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेकीचे. धावणं तू रोज करतेसच. गोळा मात्र कुठल्याही फुटबॉलपटूला आपोआप येत नाही, त्याचा सराव सुट्टीत वेगळा करावा लागेल. लेखी 100 गुणांची. क्लबच्या हॉस्टेलवर दुपारची वेळ रिकामी असते, तीत गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचा रोज तासभर अभ्यास होतो. लेफ्ट बॅकची जागा मात्र आठ वर्षं थांबत नाही.

खेळाडू कोट्याबद्दल एक सावधगिरी, आणि हे तुझ्यासारख्या प्रत्येकीच्या घरी वाचलं जावं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरं. पण कुठल्या स्पर्धेतला कुठला क्रमांक कुठल्या गटाच्या पदाला चालतो, हे शासन निर्णयात ठरवून दिलेलं आहे. नुसता सहभाग पुष्कळदा पुरत नाही. नॅशनल खेळली म्हणजे नोकरी ठरलेली, अशा समजुतीत कितीतरी मुली-मुलगे वर्षं घालवतात आणि अर्ज भरताना त्यांना कळतं की आपलं प्रमाणपत्र त्या पदाला बसत नाही. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून आधी करून घ्यावी लागते, बोगस प्रमाणपत्रांमुळे ती आता कडक झाली आहे. तेव्हा तुझी दोन्ही नॅशनलची प्रमाणपत्रं घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि सरळ विचार, यावर मी कशाला पात्र आहे? काकांनाच बरोबर ने. पुतणीसाठी त्या कचेरीत एक सकाळ घालवली तर तुझा खेळ त्यांना वेगळा दिसेल. शाहू स्टेडियमवर पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारा माणूस फुटबॉलचा शत्रू नसतो. मुलींचा सामना त्यांनी कधी नीट बघितलेलाच नसतो. तुझा एखादा दाखव.

आईची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, तूही नेऊ नकोस. मार्च 2024 मध्ये गोव्यात याच दुसऱ्या श्रेणीच्या लीगसाठी आलेल्या एका संघातल्या दोन मुलींनी, संघासोबतच्या एका पदाधिकाऱ्याने खोलीत येऊन मारहाण केल्याची तक्रार केली. पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघाने निलंबित केलं. आईने ही बातमी वाचली असेल-नसेल, पण तिच्या मनात जे आहे ते हवेतलं नाही. ‘तुला काही कळत नाही’ असं म्हणून तिला गप्प करू नकोस. तिला जे विचारायचंय ते क्लबला विचारू दे. हॉस्टेलवर मुलींसोबत बाई मॅनेजर आहे का, संघात बाई फिजिओ किंवा प्रशिक्षक आहे का, खोलीला आतून कडी आहे का, तक्रार कुणाकडे करायची. लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचं ठिकाण ही कामाची जागा धरलेली आहे, हे तिला आणि तुला दोघींना माहीत असू दे. त्या क्लबकडून आधी खेळून आलेल्या दोघी-तिघींचे नंबर मिळव आणि फोन आईला करू दे. एका आईला दुसऱ्या मुलीच्या आवाजावरून जे कळतं, ते कराराच्या कागदावर नसतं.

करार कागदावर येईपर्यंत रेल्वेचं तिकीट काढायचं नाही. व्हॉट्सॲपवरचा निरोप म्हणजे करार नव्हे. दुसऱ्या श्रेणीत गटसाखळीतच संघ बाद झाला तर काही आठवड्यांत सगळ्याजणी घरी येतात. तेव्हा उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळणार का, हे तू विचारलेलं दिसत नाही. या करारातला हाच सर्वांत मोठा प्रश्न आहे. पगार महिन्याच्या कुठल्या तारखेला, बँकेत की हातात? खेळताना दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च कोणाचा, आणि तोवर पगार चालू राहणार का? हंगाम संपल्यावर तू मोकळी, की पुढच्या वर्षी दुसरीकडे जायला त्यांचं ना-हरकत लागेल? जाण्या-येण्याचं भाडं? बाहेरच्या राज्यात नोंदणी झाल्यावर महाराष्ट्राच्या संघात निवडीला अडचण येते का, हे विफाला, म्हणजे आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेला, लेखी विचार. राजमाता जिजाबाई करंडक, म्हणजे आपली सिनिअर नॅशनल, तुझ्या हातून निसटायला नको; नोकरीच्या कागदपत्रांतही राज्याच्या जर्सीलाच वजन आहे. मध्ये कोणी एजंट असेल तर फिफाचा परवाना दाखवायला सांग. आणि कुणीही ट्रायलचे, नोंदणीचे, ‘सिलेक्शन करून देतो’चे पैसे मागितले तर तिथून उठायचं. क्लब खेळाडूला पैसे देतो, खेळाडूकडून घेत नाही.

बी.ए. सोडू नकोस. कॉलेजच्या क्रीडा संचालकांना आत्ताच भेट, खेळाडूंना हजेरीत काय सवलत आहे ते विचार. तिथं जमलं नाही तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रस्ता आहे. पण विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ खेळायला मिळतं, म्हणून जमेल तोवर नियमित कॉलेजच बरं.

सरांबद्दल तुझ्या मनात आदर आहे, तो राहू दे. पण ‘परत येणार नाही’ हे वाक्य मला आवडलं नाही. वीस वर्षांच्या मुलीला घाबरवून निर्णय घ्यायला लावणारं वाक्य आहे ते, मग बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. तुझ्यात दम असेल तर पुढच्या वर्षीही बोलावणं येईल. होशियारपूरची मनीषा कल्याण तुझ्याच वयाची असताना, 2022 मध्ये, सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडे गेली आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. पण त्याआधी ती भारताकडून खेळलेली होती, केरळच्या गोकुळम क्लबसोबत लीग जिंकलेली होती. ती एका पत्रावर उठून गेली नव्हती.

भारताकडून खेळायचंय, हे तू स्वच्छ लिहिलंस, ते मला फार आवडलं. त्याला स्वप्न वगैरे म्हणून मी बाजूला ठेवणार नाही. अवघड आहे, कारण मोठ्या स्पर्धेच्या संघात जागा 23-26 असतात आणि मणिपूर, ओडिशा, तमिळनाडू, झारखंडच्या मुली लहानपणापासून त्यासाठी झटत असतात. अशक्य मात्र नाही. पुण्याची काजोल डिसूझा 2022 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय संघात होतीच. पण निवड, ड्रॉ, दुखापत यातलं बरंच आपल्या हातात नसतं. 2022 चा महिला आशिया चषक आपल्याकडेच, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता. इराणशी एक सामना बरोबरीत सुटला, मग संघात कोरोना पसरला आणि यजमान असून भारत स्पर्धेबाहेर गेला. वर्षानुवर्षांची तयारी 90 मिनिटांत संपली. त्यातल्या काहीजणी तीन वर्षांनी चिआंग माईत होत्या, काहीजणी नव्हत्या. तू पुढचे सहा महिने ठरवू शकतेस, भारताची जर्सी ठरवू शकत नाहीस. निर्णय सहा महिन्यांवर घे.

खेळण्याखेरीजही या खेळात कामं आहेत. ही मी तुझ्या हातात आत्ता देत नाही, नुसती माहीत असू देत. महासंघाचा सुरुवातीचा प्रशिक्षक परवाना तुला आताही काढता येईल. गावातल्या मुलींना शिकवणारी बाई प्रशिक्षक सगळ्याच तालुक्यांना हवी आहे. पंचगिरीही आहे. गोव्याच्या युवेना फर्नांडिस 2016 मध्ये जॉर्डनला 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या.

माझं मत विचारशील तर, गुडघा डॉक्टरांनी मोकळा केला, करार कागदावर आला आणि आईच्या फोनवर त्या मुली नीट बोलल्या, तर जा. एका हंगामासाठी जा. महिना 20 हजारांतले निदान 12 हजार स्वतःच्या खात्यात राहू देत, तेच तुझं रिटेन्शन. हंगाम संपल्यावर एक तारीख ठरव, जूनमधली असू दे, त्या दिवशी घरी चौघांनी बसून पुन्हा बोला: किती मिनिटं खेळायला मिळाली, वरच्या श्रेणीतून कुणी विचारलं का, भरतीची जाहिरात आहे का. लग्नाचा विषय आईने त्याआधी काढायचा नाही, एवढं तिच्याकडून आत्ताच कबूल करून घे. गुडघा, करार आणि त्या मुलींशी बोलणं, या तीन गोष्टींपैकी एक जरी अडली तरी या वर्षी नाही म्हण. गुडघा बरा कर, भरतीचा फॉर्म भर, राज्याच्या कॅम्पला जा, आणि त्याच क्लबला पुढच्या वर्षीचं विचारून ठेव.

करार हातात आला की पहिल्यांदा बाबांना वाचायला दे. हंगामी आणि कायम यातला फरक कुठल्या ओळीत लपलेला असतो, हे त्यांना ठाऊक आहे.

तुझी,
ताई